आखूड मिशीतली लेकरं

जळगावात थंडीच्या दिवसांत प्राध्यापकांचं प्रशिक्षण ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत शेताशेतांत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर हिरवी वांगी भाजली जात असतात, आणि त्या वासात ज्ञान घेण्याची माझी तरी ऐपत नाही.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. शाळा जळगावला झाली, त्यामुळे तिकडे जायचं कुठलंही निमित्त मला चालतं. ते प्रशिक्षण ‘लोकसंख्येची आकडेवारी कशी वाचावी’ याचं होतं. शेवटच्या दिवशी मार्गदर्शकांनी फळ्यावर एक आकृती काढली. एक आडवी पेटी, पेटीच्या पोटात एक उभी रेघ आणि दोन्ही टोकांना बाहेर निघालेल्या दोन आडव्या रेघा.

“याला बॉक्स प्लॉट म्हणतात,” ते म्हणाले. “वस्तीतल्या सगळ्यांची वयं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावायची. मधली निम्मी माणसं या पेटीत येतात. बाजूच्या या रेघांना मिश्या म्हणतात. आता मिश्यांचं असं आहे की...”

एवढ्यात माझा फोन थरथरला. शाळेतला दोस्त शेतावरून बोलत होता. “वांगी भाजून झाली. कळण्याच्या भाकरी सुरू आहेत. येतोस का तिथं शिकत बसतोस?”

मी गेलो. परत आलो तेव्हा प्रमाणपत्रं वाटायला सुरुवात झाली होती. मिश्यांचं नेमकं कसं असतं ते मी सोडून बाकी चाळीस जणांनी ऐकलं होतं. माझ्या मिशीला मात्र तेल लागलेलं होतं. त्या तेलकट हातानं मी प्रमाणपत्र घेतलं आणि फोटोही काढून घेतला.

अर्धवट शिकलेला माणूस गप्प बसला तर फारसं बिघडत नाही. पण दोनच महिन्यांत मला बोलायची संधी मिळाली.

पारोळ्याच्या अलीकडे, महामार्गाला लागून एक गाव आहे. गाव रस्त्याच्या एका अंगाला, आणि दुसऱ्या अंगाला गावाचीच एक वस्ती. वस्तीवर बहुतेक तरुण जोडपी, शेतमजुरीची, बांधकामावर जाणारी, आणि त्यांचे मोजके म्हातारे. गावाचा आराखडा करायचा होता म्हणून पंचायतीनं आमच्या कॉलेजला पाहणी करायला सांगितलं. मी विद्यार्थी घेऊन गेलो. घरोघरी वयं विचारली. निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा निघाला. शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांना तोच दिवस वाटलेला. एका आजींनी तर वय विचारल्यावर उलट मलाच विचारलं, “तुमले कितलं पाहिजे?” तरी जमेल तेवढं नीट लिहून आणलं. संगणकाला यादी दिली आणि दोन पेट्या काढून घेतल्या. वर गावाची, खाली वस्तीची.

साध्या कागदावर काढली असती तर चूक कागदाएवढीच राहिली असती. मी धुळ्याला जाऊन दहा बाय सहाचा फ्लेक्स छापून घेतला. दुकानदार दोनदा म्हणाला, “सर, फोटो कोणाचा टाकायचा राहिला का?”

सोमवारी ग्रामसभा भरली. फ्लेक्स शाळेच्या भिंतीला लावला. लोक बराच वेळ त्यात कुणाचा वाढदिवस आहे ते शोधत होते. सरपंचांना सगळे नाना म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. नानांनी माइक माझ्याकडे दिला.

“थोडक्यात सांगा, सर. वस्तीवर पोरं किती, म्हातारे किती?”

खरं तर यादी माझ्या लॅपटॉपमध्ये होती. बोट ठेवून मोजली असती तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं. पण प्रमाणपत्र मिळालेला माणूस बोट ठेवून मोजत नाही.

“नाना, आकड्यापेक्षा आकार बघा,” मी म्हणालो. “ही डावीकडची मिशी म्हणजे लहान मुलं. गावाची मिशी बघा, शून्यापासून सतरापर्यंत गेलीय. चांगली लांब. आता वस्तीची बघा. आठलाच संपली. केवढीशी आखूड! म्हणजे वस्तीवर लहान मुलं फारच कमी आहेत. उजवीकडची मिशी मात्र चाळिसापासून थेट ऐंशीच्या पुढं. म्हणजे वस्तीवर वयस्कांचा भरणा आहे.”

कुणीतरी टाळी वाजवली. मला अजून आठवतं, मी मान झुकवून ती स्वीकारली.

नाना व्यवहारी माणूस. ते लगेच म्हणाले, “मग वस्तीवर अंगणवाडीची खोली कशाला अडवून ठेवायची? अंगणवाडी गावातल्या अंगणवाडीत मिसळून टाकू. खोलीत म्हाताऱ्यांसाठी विरंगुळा केंद्र करू. शिफारशीचा ठराव पुढच्या सोमवारी पक्का करून तालुक्याला पाठवू. सरांचा अहवाल जोडा त्याला.”

तेव्हा मागून वस्तीच्या अंगणवाडी सेविका उठल्या. पस्तिशीच्या असतील. त्यांची मुलं रस्ता ओलांडून गावात येणार, म्हणजे तीन-चार वर्षांची लेकरं ट्रकांच्या मधून येणार, हे त्यांना त्या क्षणी दिसलं असावं. पण आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “सर, माझ्या हजेरीपटावर अठ्ठावीस मुलं आहेत.”

आणि मी, आज हे लिहितानाही कान गरम होतात, माइकवरून म्हणालो, “ताई, हजेरीपट आणि वास्तव यात फरक असू शकतो.”

मग खांबाजवळचा एक जण बोलला, “म्हंजे एवढ्या पोरांचा खाऊ जात कुठं होता मग?”

काही जण हसले. ताई खाली बसल्या. मला वाटलं, मी शास्त्राच्या बाजूनं बोललोय. कॉलेजात प्राचार्यांनी पाठ थोपटली. मी त्या आठवड्यात जरा ताठच चालत होतो.

गुरुवारी ताईंचा फोन आला. “सर, शनिवारी वस्तीवर मारुतीचा भंडारा आहे. जेवायला या.”

मी चाचरत विचारलं, “रागावला नाहीत ना?”

“जेवायला बोलावतेय, सर. रागावलेलं माणूस जेवायला बोलावतं का?”

बोलावतं. हे मला शनिवारी कळलं.

धुळ्याहून एसटीनं उतरलो तेव्हा वस्तीवर कणकेच्या बट्ट्या शिजून निघाल्या होत्या आणि कापून तेलात तळणं चाललं होतं. एका मोठ्या पातेल्यात वरण, दुसऱ्यात घोटलेली वांग्याची भाजी. सगळ्यावर देखरेख करणारे म्हातारे आचारी, वस्तीचे आबा. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, आणि कुणाचीही भीड न ठेवणारी नजर. ताईंनी माझी ओळख करून दिली, “आबा, हे कॉलेजचे सर.”

“बोर्डवाला?” आबांनी विचारलं.

“तेच.”

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मिठाचं ताट हातात दिलं. “सर, तुम्ही मीठ वाढा.”

पंगतीत वाढप्यांचीही श्रेणी असते. ज्याच्यावर वरणाचा भरवसा नाही त्याला भाजी, भाजीचा नाही त्याला पाणी, आणि ज्याच्यावर कशाचाच नाही त्याला मीठ. मी निमूट घेतलं.

वस्तीची पद्धत मला नवी होती. वस्तीनं मिळून स्टीलची साठ ताटं घेतलेली आहेत. म्हणून पंगत साठांचीच बसते, ना एक कमी ना एक जास्त. आणि आबांचा नियम असा की पंगत वयानं बसवायची. आधी अगदी लहान, कारण ते भुकेनं रडतात. मग मोठी पोरं, मग कामाची माणसं. सगळ्यांत शेवटी वडीलधारे, कारण ते एकदा बसले की गप्पा मारत उठत नाहीत. घरच्याच माणसांचा भंडारा, सगळी वस्ती जेवायला हजर.

पहिली पंगत बसली. मी वाकून चिमूट चिमूट मीठ वाढत निघालो. पाचव्या ताटापुढं एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर दोन-तीन महिन्यांचं बाळ झोपलेलं. मी ताट सोडून पुढं गेलो.

“ओ सर!” मागून आबांचा आवाज. “ते ताट राह्यनं.”

“आबा, हे बाळ तर अंगावर पितं. याला मीठ कशाला?”

“पिऊ द्या ना. त्यानं ताट पडालेच पाहिजे. जीव शे ना तो बी?”

मी मागं आलो. झोपलेल्या बाळाच्या ताटात मीठ पडलं, बट्टीचा तुकडा पडला, वरणाचा थेंब पडला. त्याच्या वतीनं त्याची आई जेवली. मग लक्षात आलं, अशी आणखी बरीच ताटं आहेत. कुणी मांडीवर, कुणी ताटात दोन्ही हात घालून, कुणी बट्टी शेजाऱ्याच्या डोक्याला लावून. पाठ मोडेपर्यंत लेकरंच लेकरं. माझ्या फ्लेक्सवर ‘फारच कमी’ असलेली.

पंगतीच्या टोकाला भांडण सुरू झालं. एक मुलगी ताटासमोर बसकण मारून बसलेली आणि आबा तिला उठवत होते.

“ताटं सरनात. तू दुसरी पंगतमा बस.”

“पण मी लहान आहे!”

“आठ वर्साले लागनी तू. तुन्हापेक्षा धाकला उभा शे बघ.”

तिच्या मागं खरंच एक शेंबडं पोर ताटाची वाट बघत उभं होतं. ती पाय आपटत उठली. तिच्या जागी ते बसलं आणि साठ पूर्ण झाले.

आठ. हा आकडा मी कुठंतरी पाहिला होता. पण मिठाच्या गडबडीत विचार पुढं गेला नाही.

दुसरी पंगत त्या मुलीपासून सुरू झाली. शेवटच्या ताटावर कॉलेजात जाणारा एक मुलगा होता. मी सहज विचारलं, “किती वर्षांचा तू?”

“वीस, सर.”

माझा हात थांबला. फ्लेक्सवर वस्तीच्या पेटीतली उभी रेघ विसावर होती. तिसरी पंगत संपली तिथं एक बांधकामावरचे मिस्त्री बसले होते. त्यांना वय विचारलं तर ते म्हणाले, “चाळीस समजा.” पेटी संपली होती ती चाळिसावर.

“सर, मीठ सांडी राह्यनं!” आबा ओरडले.

मी खाली पाहिलं. मिस्त्रींच्या बट्टीवर मूठभर मीठ पडलं होतं. ते सभ्य माणूस, म्हणाले, “राहू द्या, चालतं.” चालत नव्हतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

चौथ्या पंगतीला सगळे वडीलधारे बसले. आबाही टोकाला टेकले. मी त्यांच्यापुढं उकिडवा बसलो आणि भूगोलाच्या प्राध्यापकानं विचारू नये असा प्रश्न विचारला.

“आबा, चारही पंगतींत माणसं सारखीच होती?”

आबांनी घास हातात धरून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काळजी होती.

“सर, ताटं साठच शेतस. पंगत बदलनी म्हणून ताटं वाढतस का?”

तिथं, त्या मातीत बसून, मला जळगावला न ऐकलेला अर्धा तास एकदम ऐकू आला. माणसं वयानं ओळीत लावायची आणि सारख्या चार पंगती करायच्या. मधल्या दोन पंगतींची पेटी, त्या दोघींच्या मधोमध ती उभी रेघ, आणि कडेच्या दोन पंगतींच्या मिश्या. चारही पंगतींत माणसं सारखीच. लांबी माणसांची नाहीच, लांबी वर्षांची आहे. शेवटच्या पंगतीत साठ माणसं चाळीस वर्षांत ऐसपैस पसरली होती. पहिल्या पंगतीत साठ लेकरं आठच वर्षांत मांडीला मांडी लावून दाटली होती. मिशी आखूड होती ती लेकरं कमी म्हणून नव्हे, त्यांची गर्दी होती म्हणून. गावाच्या लांब मिशीत तेवढाच चौथा हिस्सा सतरा वर्षांत विरळ विरळ बसला होता. मी जे वाचलं होतं ते नेमकं उलटं होतं.

ताई भाजीचं भांडं घेऊन आल्या. “सर, आता तुम्ही बसा.”

“ताई, माझं चुकलं. तुमची मुलं...”

“मला सांगून काय उपयोग, सर? मी तर रोजच मोजते. सोमवारी सभेत सांगा.” आणि माझ्या ताटात भाजी वाढून पुढं गेल्या. भाजी अतिशय चांगली झाली होती, आणि तरी मी दुसऱ्यांदा मागितली नाही.

घरी आल्यावर मी यादी उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा बोट ठेवून मोजली. तीन ते सहा वर्षांची अठ्ठावीस मुलं. ताईंच्या हजेरीपटापेक्षा एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

मी काही संत नाही. रविवारी दिवसभर मी कारणं शोधली. बायकोला म्हणालो, “सभेत सांगतो की कॉम्प्युटरची गडबड झाली.”

ती म्हणाली, “कॉम्प्युटर गेला होता का भरीत खायला?”

सोमवारी तोच फ्लेक्स, तीच भिंत. आठवडाभरात त्याच्या एका कोपऱ्यावर शेळीनं दात मारले होते. मी माइक घेतला आणि कुठलीही प्रस्तावना न करता सांगितलं, “मागच्या सोमवारी मी चुकीचं वाचलं. वस्तीवर चारांतलं एक माणूस आठ वर्षांच्या आतलं आहे. अंगणवाडीच्या वयाची अठ्ठावीस मुलं आहेत. मी यादी मोजली. ताईंचा हजेरीपट खरा आहे. मी त्याच्यावर बोललो ते चुकीचं होतं, त्याबद्दल मी सगळ्यांसमोर माफी मागतो.”

नानांनी चष्मा वर केला. “बोर्ड तर तोच आहे, सर. मागच्या सोमवारी पोरं नव्हती, आज कुठून निघाली?”

“बोर्ड बरोबर आहे, नाना. वाचणारा चुकला.”

हशा झाला. व्हायलाच हवा होता. मग मी साठ ताटांचा सगळा हिशेब त्यांना पंगतीच्या भाषेत सांगितला. गंमत म्हणजे, मागच्या वेळी ज्यानं टाळी वाजवली त्याला काही कळलं नव्हतं. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही, पण बाया एकमेकींना बोटांवर पंगती समजावून सांगत होत्या. खांबाजवळचा तो गृहस्थ जमिनीकडं बघत बसला होता.

“आणि विरंगुळा केंद्र?” नानांनी विचारलं.

आबा उभे राहिले. “आमले विचारं का कोनी? आमले पारच भला. खोलीमा बसाडशात ते रस्त्यानं कोन जास, कोन येस, दिसाव नही.”

नाना हसले. ग्रामसेवकांना म्हणाले, “खोडा तो ठराव. अंगणवाडी वस्तीवरच. आणि लिहा, वस्तीच्या बाजूला रस्त्याकडून कुंपण घालायचं. ताई, चालेल?”

ताई नुसतं “हो, नाना” म्हणाल्या. पण पदरानं चेहरा पुसायला त्यांना जरा वेळ लागला.

मला वाटतं, माझ्या नोकरीत मला मिळालेली सगळ्यांत मोठी देणगी म्हणजे त्या शनिवारची पंगत. त्या बाईला मला भर सभेत उघडं पाडता आलं असतं. मी त्यांना पाडलंच होतं. त्यांनी मला जेवायला बोलावलं. आबांनी प्रमाणपत्र न देता मिठाचं ताट दिलं आणि जे शिकायचं ते कमरेतून वाकवून शिकवलं. आता वर्गात बॉक्स प्लॉट शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर आधी पंगत मांडतो. पेटी नंतर येते. मुलं एकदाच ऐकतात आणि विसरत नाहीत. हे शिकवणं माझं नाही, हे मी दर वर्षी सांगतो.

सभा संपल्यावर मी एसटीच्या थांब्याकडं निघालो तर ताईंनी हाक मारली. “सर, घाई आहे का? भंडाऱ्यामुळं मुलांची वजनं राहिलीत. हात लावता का?”

अंगणवाडीच्या खोलीत आढ्याच्या हुकाला काटा टांगला होता आणि त्याला कापडाची झोळी. मी लेकरं उचलून झोळीत बसवत होतो. एकानं माझा चष्मा ओढला. दुसऱ्यानं माझ्या नव्या शर्टाची बाही भिजवली. ताई म्हणाल्या, “होतं असं.” आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

मग त्यांनी मला खाली बसवलं, नोंदवही दिली आणि स्वतः काटा वाचू लागल्या. “बारा पूर्णांक चार.” मी लिहिलं.

“वाचा, सर.”

“बारा पूर्णांक चार.”

“बरोबर.” त्यांनी पुढचं लेकरू उचललं. “अकरा पूर्णांक सहा. लिहिलं? वाचा.”

अठ्ठावीस वेळा त्यांनी मला वाचायला लावलं. अठ्ठावीस वेळा मी वाचलं.